ओढ्यापलीकडचा देव

मराठीच्या प्राध्यापकाची आठवण समाजाला वर्षातून तीन-चार वेळा होते. लग्नसराईत पत्रिकेचे शुद्धलेखन पाहून देण्यासाठी. कुणी साहेब निवृत्त झाले तर मानपत्रात 'कर्तव्यदक्ष'च्या पुढे आणखी चार विशेषणे बसवण्यासाठी. आणि फेब्रुवारीच्या २७ तारखेला, मराठी भाषा गौरव दिनाच्या दिवशी, भाषणासाठी. एरवी तो आणि त्याच्या उत्तरपत्रिका. दोघांकडेही सहसा कुणी फिरकत नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात आमच्या कॉलेजातला एक मुलगा घरी आला आणि म्हणाला, "सर, आमच्या पोडाचा ठराव लिहून द्याल काय? शुद्ध मराठीत पाहिजे," तेव्हा मला बरे वाटले. सौभाग्यवतींनी त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. त्याने पोहे संपवले, बशी स्वतः विसळून ठेवली आणि मग बोलायला सुरुवात केली.

मुलगा कोलाम. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा आणि विचारल्याशिवाय न बोलणारा. त्याचे पोड केळापूर तालुक्यात, पैनगंगेच्या अंगाला, डांबरी सडक सोडून सागाच्या जंगलातून तासभर चालत गेल्यावर लागते.

'पोड' म्हणजे काय हे आमच्या पुण्याच्या मेहुण्यांना समजावून सांगताना माझी फार दमछाक झाली. यवतमाळ जिल्हा म्हणजे कापूस, ऊन आणि वर्तमानपत्रातल्या वाईट बातम्या, अशी त्यांची ठाम समजूत. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. पंचवीस-तीस घरे, पुष्कळदा मोठ्या गावापासून फटकून, डोंगराच्या कुशीला. मेहुणे म्हणाले, "म्हणजे वाडी." वाडीचे डोळे मूळ गावाकडे लागलेले असतात. पोडाचे तसे नाही. त्याच्या लेखी तेच गाव, आणि सरकारी दप्तरातले गाव ही पलीकडची वस्ती. माझ्या विद्यार्थ्याचे सारे काम याच फरकावर अडले होते.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे आमच्या जिल्ह्यात दर शंभरांत अठरा-एकोणीस माणसे आदिवासी आहेत. गोंड, कोलाम, आंध, परधान ही त्यांतली ठळक नावे. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींची गणना सरकार 'विशेषतः असुरक्षित' अशा सदरात करते त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्या जोडीला कोलाम आहेत. हे सदर १९७५ च्या सुमारास उघडले तेव्हा त्याचे नाव 'आदिम जमाती' होते. नाव बदलले, सदर राहिले.

कोलामी ही मराठीची बोली आहे असे मानणारे मराठीचे प्राध्यापक मी पाहिले आहेत. ती तेलुगू, कानडी, गोंडी यांच्या द्राविड गोतावळ्यातली स्वतंत्र भाषा आहे. कॅनडात जन्मलेले मरे एमेनो नावाचे भाषापंडित तीसच्या दशकात आपल्या वर्ध्याकडे येऊन कोलामांचे बोलणे टिपून गेले आणि १९५५ साली त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यावर ग्रंथ काढला. पण त्यांच्याही आधी, १९५० साली, हैदराबादेत कोलामीचे व्याकरण छापले गेले होते, आणि ते लिहिणारे कोण? सेतुमाधवराव पगडी! मराठ्यांच्या इतिहासाचे पगडी आपल्याला ठाऊक असतात. हैदराबाद संस्थानच्या नोकरीत असताना आदिलाबादच्या रानात गोंडांच्या आणि कोलामांच्या ओसरीवर बसून त्यांच्या भाषा शिकणारे पगडी मात्र आमच्या अभ्यासक्रमात येत नाहीत. मुलगा वर्गात गप्प का असतो हे मला त्या व्याकरणावरून उमगले. माझे मराठी वाक्य त्याच्या घरच्या भाषेत नेऊन, तिथून उत्तर घेऊन परत येईपर्यंत मी दुसऱ्या मुलाकडे वळलेला असे.

असो. ठराव लिहायचा तर माणसे पाहिली पाहिजेत, म्हणून चैत्राच्या तोंडाशी एका शनिवारी मी पोडावर गेलो. मोहाची फुले गळायला लागली होती आणि बायका पहाटेपासून टोपल्या घेऊन रानात होत्या. पोडाच्या मधोमध चावडी. चारी बाजू मोकळ्या, वर कौले, खाली शेणाने सारवलेली जमीन. तिथे मला बसवले आणि एकेकाची ओळख करून दिली. हे नाईक. हे महाजन. हे कारभारी. आणि हा घट्या.

नाईक म्हणजे पोडाचा प्रमुख. महाजन त्याचा उजवा हात. कारभारी नावाप्रमाणे. घट्या हा, निदान त्या पोडात, निरोप पोचवण्यापासून पंक्तीतले वाढप पाहण्यापर्यंत पडेल ते करणारा, आणि म्हणून सर्वांत महत्त्वाचा माणूस. तो आजारी पडला तर सभा होत नाही.

मी शब्दांचा माणूस, त्यामुळे नमस्कार होतात न होतात तोच माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला. नाईक आणि महाजन हे संस्कृतातून आलेले. कारभाराला फारसीचा वास. चावडी आपल्याकडे आहे तशी कानडीत आणि तेलुगूतही आहे. ती कुणाची यावर विद्वानांनी खुशाल भांडावे. म्हणजे या लोकांच्या राज्यकारभाराची सगळी पदे बाहेरून आलेल्या नावांची! पहिल्याने मला वाईट वाटले. मग दोन दिवस तिथे राहिल्यावर ध्यानात आले की नावे घेतली आहेत, कामे घेतलेली नाहीत. आपल्याकडचा महाजन व्याज घेतो आणि कारभारी हिशेब लपवतो. त्यांच्याकडे या नावांनी वावरणारी माणसे रात्री जेवणे उरकली की चावडीत येऊन बसतात, विड्या ओढतात आणि दिवसभराची भांडणे ऐकून घेतात. शेजाऱ्याचा अंगरखा अंगात घातला म्हणून काही माणूस शेजारी होत नाही.

बरे, शेजारीही या मुलखाने किती पाहिले! वणी-केळापूरचा हा टापू पूर्वी चांद्याच्या गोंड राजांच्या अमलात होता. चांद्याच्या हीर शहा राजाविषयी अशी परंपरा सांगतात की, जो रान तोडील त्याला त्या जमिनीचा हक्क आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखालची जमीन, असा त्याचा शिरस्ता होता. अशा इनाम जमिनीला 'तुकूम' म्हणत, आणि चंद्रपुरात आजही तुकूम नावाची वस्ती आहे. १७५१ साली नीळकंठ शहाचे राज्य नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी घेतले. १८०३ च्या देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. इंग्रजांनी आमच्या जिल्ह्याचे नाव आधी वणीवरून ठेवले आणि १९०५ साली ते बदलून यवतमाळ केले. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. इतक्या राजवटी डोक्यावरून गेल्या, आणि पोडात कोण होता? नाईक. त्याच्याआधी त्याचा बाप आणि त्याच्याआधी आजा.

गोंडांचा इतिहास सांगायला परधान असतात. किंगरी वाजवत ते कुळांची, देवांची आणि राजांची कहाणी रात्र-रात्र गातात. कोलामांजवळ असा इतिहास सांगणारा वर्ग नाही. ते आपला देव भीमायक, म्हणजे आपला भीमसेन, असे सांगतात. भीम आणि हिडिंबा यांच्यापासून आपण झालो असेही कुणी सांगतात. राजाचे नाव विचारले तर नाईक हसले. "राजा गोंडाचा होता. आमाले कायचा राजा?"

आमच्या ग्रंथालयात अमेरिकेच्या इतिहासावरचे एक जाडजूड पुस्तक आहे. चोक्टॉ नावाच्या तिथल्या मूळच्या लोकांची हकीकत त्यात वाचल्यापासून मला पोडाची गोष्ट आणखी निराळी दिसू लागली आहे. हे लोक मिसिसिपीच्या सुपीक काठी शेती करून राहणारे. त्यांचे तीन भाग, तीन भागांचे तीन प्रमुख, आणि नाते आईकडून मोजायची रीत. १८३० साली एका ओढ्याकाठी त्यांच्याकडून तह लिहून घेतला गेला. ओढ्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'नाचऱ्या सशाचा ओढा'. नाव असे गोड, आणि तहान्वये या लोकांनी वाडवडिलांची जमीन सोडून शेकडो मैल पश्चिमेला जायचे! १८३१ पासून तीन हिवाळे ही माणसे चालत होती. हजारो वाटेत मेली. पण तिकडे पोचताच, १८३४ साली, त्यांनी आपली लेखी राज्यघटना केली. पुढे तेरा वर्षांनी आयर्लंडात दुष्काळ पडल्याचे ऐकून याच कंगाल झालेल्या लोकांनी वर्गणी काढून शेकड्यांत मोजण्याइतके डॉलर समुद्रापार पाठवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने त्यांचा कारभार मोडीत काढला, आणि त्यानंतर साठाहून अधिक वर्षे त्यांचा प्रमुख अमेरिकेचा अध्यक्ष नेमत असे. १९७१ साली त्यांनी पुन्हा आपला प्रमुख आपण निवडला.

कोलामांचा नाईक नेमायला दिल्लीहून किंवा मुंबईहून कधी कुणी आले नाही. नाईक म्हणून कुणी आहे हेच तिकडे कुणाला ठाऊक नव्हते! चोक्टॉंचा कारभार सरकारला दिसला म्हणून मोडला. कोलामांचा दिसला नाही म्हणून राहिला. पण न दिसण्याचीही किंमत असते. ज्या जंगलात ते पिढ्यान् पिढ्या राहिले ते सरकारचे राखीव झाले तेव्हा त्यांना विचारायचे कुणाला सुचले नाही. ग्रामपंचायती आल्या त्या मोठ्या गावांत आल्या. पोड तिचा एक वॉर्ड झाले. विहीर कुठे खणायची हे मोठ्या गावात ठरू लागले आणि ती मोठ्या गावातच खणली जाऊ लागली.

त्या शनिवारी रात्री चावडीत एका बैलाचा निवाडा होता. दोघे भाऊ. बैलजोडी सामाईक. धाकट्याने थोरल्याला न विचारता एक बैल पांढरकवड्याच्या बाजारात विकला. आमच्या दारव्ह्याकडे असे झाले असते तर दुसऱ्या दिवशी दोघे वकिलाकडे गेले असते आणि बैलाच्या किमतीइतकी त्याची फी झाली असती. इथे आधी थोरला बोलला. पुष्कळ बोलला. मधे कुणी तोंड घातले नाही. मग धाकटा बोलला. मग दोघांचा मामा बोलला; त्याचे बोलणे बैलाविषयी नव्हतेच, सात वर्षांपूर्वीच्या एका लग्नाविषयी होते. मी विद्यार्थ्याला हळूच विचारले, "याचा इथे काय संबंध?" तो म्हणाला, "सर, तेच तर भांडण आहे. बैल आत्ता विकला."

मध्यरात्र उलटली तेव्हा नाईकांनी चार वाक्यांत निकाल सांगितला. धाकट्याने बैलाचे निम्मे पैसे ज्वारी निघाल्यावर द्यायचे, आणि दंड म्हणून पोडाला एक जेवण घालायचे. जेवण दुसऱ्याच दिवशी झाले. मी होतो. वरण, भात आणि वांग्याची भाजी. ज्याला दंड झाला होता तो पंक्तीत थोरल्या भावाच्या शेजारीच बसला, आणि घट्याने त्याला आग्रह करकरून वाढले. आपल्याकडे दंड भरलेल्या माणसाला कोर्टातून घरी एकटे जावे लागते.

पण चावडीची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. नाईकपण बापाकडून मुलाकडे जाते, आणि बापाची समज मुलाकडे गेलेली असतेच असे नाही. हे काही फक्त कोलामांत घडते असेही नाही. दंडाचे जेवण कित्येक ठिकाणी दारूत बुडते. जातिपंचायतीने घराला वाळीत टाकल्याच्या कथा साऱ्या महाराष्ट्रात सगळ्या थरांतल्या आहेत, आणि त्या इतक्या झाल्या की २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. शिवाय त्या रात्री चावडीत एकही बाई नव्हती. होत्या, पण चावडीच्या बाहेर अंधारात, ओट्याला टेकून. ऐकत होत्या सगळे. बोलत नव्हत्या.

आता ठरावाकडे येतो. १९९६ च्या डिसेंबरात संसदेने एक लहानसा कायदा केला. त्याला 'पेसा' म्हणतात. अनुसूचित क्षेत्रात पंचायती कशा असाव्यात ते त्यात आहे. आणि आमच्या जिल्ह्यातल्या केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांतली पुष्कळ गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अशा क्षेत्रात येतात. या कायद्यात गावाची व्याख्या आहे. ती वाचून मी दोन मिनिटे स्वस्थ बसलो. आयुष्यभर व्याख्या शिकवण्यात गेली. इतकी माणुसकीची व्याख्या क्वचित वाचली. तिचा आशय असा: एखादी वस्ती किंवा पाडा, जिथे एक समाज राहतो आणि आपल्या परंपरेने, चालीरीतींनी आपला व्यवहार चालवतो, ते गाव. लोकसंख्येचा आकडा नाही, महसुलाची नोंद नाही. पुढे असेही म्हटले आहे की आपल्या परंपरा, आपली सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवण्याची आपली रीत राखायला अशी ग्रामसभा समर्थ आहे. म्हणजे बैलाच्या निवाड्याला संसदेची मान्यता!

महाराष्ट्राने याचे नियम २०१४ साली केले. त्यांप्रमाणे पोडाने बहुमताने ठराव करून आपल्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करण्याची मागणी करायची, आणि ती सरकारी पायऱ्या चढत वर जायची. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने तर ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची रीत कित्येक वर्षे चालवली आणि २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्कही मिळवला. माझ्या विद्यार्थ्याने मेंढ्याविषयी कुठल्या तरी शिबिरात ऐकले होते. तेव्हापासून त्याने ध्यास घेतला होता.

रविवारी सकाळी सभा बसली. मतदारयादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद, मग पुरुष असो की बाई. कायदाच तसा आहे हे मुलाने पोडाला सांगून ठेवले होते. तेव्हा बायकांना चावडीच्या आत यावे लागले. प्रथम त्या खांबांजवळच घुटमळल्या. मग महाजनांच्या बायकोने पदर खोचला आणि सरळ आत येऊन बसली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. पुरुषांनी जागा करून दिली, विड्या विझवल्या आणि जरा वेळ कुणाला काय बोलावे ते सुचेना.

मुलाने ठरावाचा विषय आधी कोलामीत आणि मग माझ्यासाठी मराठीत सांगितला. हात वर करा म्हणताच भराभर हात वर आले. मी मोजले. पंचाहत्तर मतदारांपैकी हजर एकसष्ट, हात साठ. माझ्या हातात कोरा कागद होता आणि त्यावर मी मनातल्या मनात 'बहुमताने संमत' असे लिहूनही टाकले होते.

नाईकांनी मात्र एकसष्टाव्या माणसाकडे पाहिले. ती एक म्हातारी होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली.

"आजी, काहून?" नाईकांनी विचारले.

म्हातारी आधी कोलामीत बोलली. मग माझ्याकडे वळून, सावकाश, माझ्या भाषेत म्हणाली, "बाबू, गाव झालं तं नकाशा काढतीन ना?"

"हो, आजी. हद्द दाखवावी लागेल."

"मंग रेघ वढतीन. अन् वढ्यापल्याडचा देव कोनाकडं जाईन?"

चावडी चिडीचूप झाली.

हकीकत अशी. पोडाच्या उत्तरेला ओढा आहे. ओढ्यापलीकडे चार मोहाची झाडे आणि त्यांच्याखाली भीमायकाचे ठाणे. त्याच्या पलीकडे गोंडांचे गाव. जमीन कागदोपत्री त्या गावाच्या शिवारात, मोहाची फुले दोन्हीकडच्या बायका वेचणार, आणि देवाची पूजा कोलामांनी करायची. गोंडसुद्धा पूजेला याच पोडातल्या माणसाला बोलावतात. ही रीत एकट्या त्या गावाची नव्हे. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादच्या डोंगरांत हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४० नंतर काही वर्षे गोंडांमध्ये राहिले. त्यांनी नोंदवून ठेवले आहे की गोंड लोक कोलामांना 'पुजारी' म्हणतात. राज्य गोंडांचे, पण त्या रानातल्या जुन्या देवांची किल्ली कोलामांजवळ, असा तो सरळ हिशेब. दोघांत तह नाही, करारनामा नाही. आणि म्हणूनच हद्द कुठे असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

मी हलक्या आवाजात विद्यार्थ्याला म्हटले, "नियमाप्रमाणे बहुमत पुरते. साठ हात पुष्कळ झाले."

त्याने माझ्याकडे पाहिले. तो वर्गात कधी असे पाहत नाही. "सर, कागदाला पुरते," तो म्हणाला. "चावडीला पुरत नाही."

सभा तिथेच थांबली. कुणी म्हातारीवर ओरडले नाही, कुणी तिची समजूत काढायला गेले नाही. लोक उठून मोह वेचायला गेले. मला या गोष्टीचे फार दिवस नवल वाटत राहिले. ती म्हातारी चावडीच्या आत बसली होती ती त्या कायद्यामुळे. कायदा नसता तर ती शनिवारच्यासारखी अंधारात ओट्याला टेकून राहिली असती आणि ठराव साठ नव्हे, पुरुषांच्या पस्तीस हातांनी एकमताने झाला असता. पण आत आलेल्या एका म्हातारीचा 'नाही' साठांना थांबवू शकतो, हे काही कायद्यात नव्हते. ते त्या चावडीत आधीपासून होते. ती दोन्हीकडून येऊन नेमकी मधे बसली होती, आणि तिला याची जाणीव होती असे मला तिच्या चेहऱ्यावरून वाटले.

पुढचे सारे तीन आठवड्यांत झाले. मी मधल्या शनिवारी पुन्हा गेलो होतो, एव्हाना माझ्या घरी या जाण्यायेण्याविषयी टोमणे सुरू झाले होते. घट्या गोंडांच्या गावी निरोप घेऊन गेला. तिथले पाटील आणि चौघे वडीलधारे ओढा ओलांडून आले. मोहाच्या झाडाखाली दोन्ही गावे बसली, बायकांसकट. गोंड पाटील मोठे मिस्किल गृहस्थ. म्हणाले, "देव तुमी ठेवून घ्या, मोह आमाले द्या." यावर दोन्हीकडच्या बायकांनी इतका कालवा केला की पाटलांनी हात जोडले. मग ठरले ते असे: रेघ ओढ्यावरूनच जाऊ द्यायची, पण ठाणे, त्याची वाट आणि मोहाची झाडे दोन्ही गावांच्या वहिवाटीत आहेत हे दोन्ही गावांच्या ठरावांत लिहायचे, आणि पूजेचा मान पोडाचा हेही.

हे वाक्य लिहायला मला दीड तास लागला. आपली कचेरीतली मराठी दोन माणसांना एकमेकांपासून तोडायला फार कामाची आहे. 'मालकी', 'ताबा', 'हद्द', 'अतिक्रमण', 'प्रतिवादी', हवे तेवढे शब्द. दोघांचे एकत्र असणे सांगायला 'सामाईक' म्हणावे तर त्यातही वाटणीचा खटला ऐकू येतो. शेवटी जुन्या दस्तांतला 'वहिवाट' हा शब्द मी उचलला. त्यात निदान पायांनी चालत गेल्याची खूण आहे. मुलाने ते वाक्य कोलामीत सांगितले. मराठीत ते दोन ओळींचे होते, कोलामीत पाच मिनिटे चालले, आणि मधे दोनदा लोक हसले. काय सांगितलेस म्हणून विचारले तर म्हणाला, "झाडांची नावे घातली, सर. चारी झाडांना नावे आहेत."

मग मीही ती चार नावे ठरावात घातली. शुद्धलेखनाचा प्रश्न आला तेव्हा म्हातारीने प्रत्येक नाव दोनदा उच्चारून दाखवले, आणि मी ऐकू आले तसे लिहिले. तिने मला पूर्ण ठराव पुन्हा वाचायला लावला. ऐकून झाल्यावर विचारले, "ह्यात माहं नाव हाय काय?"

"हजेरीत आहे, आजी. सही किंवा अंगठा लागेल."

"अंगठा नाई. सही करतो," असे म्हणून मुलाने तिचा हात धरला. तिने तो झटकला, शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर असा उमटवला की खालच्या दोन नावांवर शाई गेली.

एकसष्टावा हात वर आल्यावर नाईकांनी ठराव झाला असे सांगितले आणि घट्या चहाचे पाणी ठेवायला उठला.

प्रस्ताव वर गेला त्याला आता दीड वर्ष होऊन गेले. एका कचेरीतून तो एकदा परत आला. 'चार झाडांच्या नावांचा उल्लेख अनावश्यक, वगळावा' असा शेरा होता. पोडाने सभा घेतली आणि झाडे वगळायची नाहीत असे ठरवून तोच कागद पुन्हा पाठवला. माझा विद्यार्थी बी.ए. झाला, आता यवतमाळला पुढचे शिकतो. त्याच्या वर्गातल्या जागी यंदा त्याची धाकटी बहीण येऊन बसली आहे, तीही शेवटून दुसऱ्याच बाकावर. पण ती मधेच हात वर करते. मागच्या आठवड्यात तास संपल्यावर तिने नाईकांचा निरोप दिला. दिवाळीनंतर मोजणीवाले येणार असे कळले आहे, सरांनी त्या दिवशी यावे, आणि येताना ठरावाची नक्कल घेऊन यावे, कारण आजी म्हणते की रेघ ओढायच्या आधी तिला ते झाडांचे वाक्य एकदा ऐकायचे आहे.